निचरा कूपक

जमिनीच्या पृष्ठभागाजवळून वाहणारे पर्जन्यजल किंवा वाहितमल (गटारांतून वाहणारे सांडपाणी व मैला) खोल पातळीवरील गटारात, बोगद्यात वा टाकीत उतरविण्यासाठी बांधलेल्या उभ्या व बहुधा वर्तुळाकार छेदाच्या मार्गास निचरा कूपक किंवा पातकूपक म्हणतात. इमारतीच्या भिंतीवरून उतरणारी १०० मिमी. व्यासाची उभी नळी, रस्त्यावरील मॅनहोलमधील एक-दोन मीटरांचा पात आणि महानगराखाली साठ-सत्तर मीटर खोल असलेल्या बोगद्यात पाणी सोडणारा कूपक ही एकाच रचनेची लहानमोठी रूपे होत. तिन्हींमध्ये पाणी खाली पडते, पडताना आपल्याबरोबर हवा ओढून नेते आणि तळाशी पाण्याची ऊर्जा व त्याने आणलेली हवा या दोहोंची व्यवस्था लावावी लागते. ऊर्जेचा विचार अभियंते फार पूर्वीपासून करीत आले आहेत. हवेचा पद्धतशीर विचार मात्र त्या मानाने अलीकडचा आहे. कूपकांतील दुर्गंधी, नळ्यांतील गुडगुड, मॅनहोलची उडणारी झाकणे आणि गटारात उतरलेल्या कामगारांचे मृत्यू यांचा उलगडा हवेकडे लक्ष दिल्यावाचून होत नाही.

गरज : गटारे गुरुत्वाकर्षणाने वाहतात, त्यामुळे त्यांना ठराविक उतार द्यावा लागतो. उतार फार कमी झाल्यास गाळ बसतो व फार जास्त झाल्यास वाळूमिश्रित पाण्याने नळीचा तळ झिजतो. जमिनीचा उतार गटाराला मानवणाऱ्या उतारापेक्षा जास्त असेल, तर पातळीतील फरक एखाद्या ठिकाणी उभ्या पाताने काढून टाकणे सोयीचे ठरते. कालव्यावर हीच युक्ती वापरतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता परिसरातून गोदावरी उजवा कालवा जातो. अशा कालव्यांवर जेथे जमीन झपाट्याने उतरते तेथे दगडी बांधणीचे पात घालण्याची रीत आहे. परंतु कालव्याचा पात उघडा असतो. त्यात मिसळलेली हवा वाटेल तेथून आत येते व वाटेल तेथून निघून जाते, म्हणून तिची दखल घेण्याचे कारण पडत नाही. तोच पात जमिनीखाली बंदिस्त केला की प्रश्नाचे स्वरूप पालटते.

लहान शहरांत या रचनेचे सर्वांत परिचित रूप म्हणजे पाताचे मॅनहोल. केंद्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकीविषयक केंद्रीय संघटनेच्या नियमपुस्तिकेनुसार उपगटार व मुख्य गटार यांच्या पातळ्यांतील फरक ६०० मिमी.पेक्षा जास्त असेल, तर पाणी मॅनहोलमध्ये मोकळे पडू न देता उभ्या नळीतून तळापर्यंत न्यावे लागते. याचे एक कारण साधे आहे : मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर मैलापाणी पडू नये. दुसरे कारण असे की, मोकळे पडणारे वाहितमल फेसाळते व त्यात विरघळलेले दुर्गंधी वायू सुटे होतात.

पाण्याचे पतन : ६० मी. उंचीवरून निर्वात जागेत पडणाऱ्या पाण्याचा तळाशी वेग सेकंदाला सु. ३४ मी., म्हणजे ताशी सु. १२० किमी. होतो. सेकंदाला एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून पडत असेल, तर तळाशी जवळजवळ ५९० किलोवॉट शक्ती मुक्त होते. ही सर्व ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. मात्र त्यामुळे पाण्याचे तापमान अवघे ०·१४° से. वाढते. धोका उष्णतेचा नसून आघाताचा असतो. काँक्रीटवर सतत असा मारा होत राहिल्यास, विशेषतः पाण्यात वाळू व खडे असल्यास, तळ उखडला जातो. यावर जुना उपाय म्हणजे तळाशी पाण्याचा डोह राखणे. दुसरा उपाय कूपकात एकाआड एक आडवे पडदे बसवून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरविण्याचा. यात देखभालीसाठी माणसाला उतरता येते, हा त्याचा मोठा फायदा होय. परंतु मोठ्या प्रवाहासाठी आज सर्वांत अधिक पसंती आहे ती भोवराकूपकाला.

भोवराकूपकाची कल्पना इटलीत ड्रिओली यांनी १९४७ मध्ये मांडली. येणारे पाणी सरळ विवरात न सोडता ते विवराच्या परिघाला स्पर्शून जाणाऱ्या वक्र पन्हळीतून आत आणले जाते. त्यामुळे त्याला फिरकी मिळते व केंद्रोत्सारी प्रेरणेने (फिरणारी वस्तू केंद्रापासून दूर फेकणाऱ्या भासमान प्रेरणेने) ते भिंतीला चिकटून मळसूत्राकार मार्गाने खाली उतरते. मध्यभागी हवेचा अखंड स्तंभ राहतो. यास वायुगाभा म्हणतात. पाणी भिंतीला चिकटून असल्याने घर्षणाचा पृष्ठभाग फार मोठा असतो व उतरतानाच बरीचशी ऊर्जा खर्ची पडते.

हे किती प्रमाणात घडते हे एका ढोबळ गणिताने दाखविता येईल. समजा, २ मी. व्यासाच्या कूपकातून सेकंदाला ५ घ. मी. पाणी उतरत आहे. पाण्याच्या थराचे वजन व भिंतीचे घर्षण यांचा समतोल झाला की वेग वाढण्याचे थांबते. या वेगाला अंतिम वेग म्हणतात. फिरकी विचारात न घेता व घर्षणांक ०·०२ धरून हा वेग सेकंदाला सु. १४·५ मी. व थराची जाडी सु. साडेपाच सेंमी. येते. म्हणजे एवढा मोठा प्रवाह असूनही कूपकाचा जेमतेम एक-नवमांश छेद पाण्याने व्यापलेला असतो. उरलेली सर्व जागा हवेची. सुमारे वीस मीटर खाली जाईपर्यंत अंतिम वेगाच्या अगदी जवळ पोहोचले जाते. त्यापुढे कूपक कितीही खोल असला, तरी तळावरील आघात वाढत नाही. ६० मी. खोलीच्या कूपकात तळाशी उरणारी गतिज ऊर्जा सु. ११ मी. उंचीवरून पडणाऱ्या पाण्याइतकीच असते. उरलेल्या चार-पंचमांशांहून अधिक ऊर्जेचा हिशेब भिंतीने चुकता केलेला असतो.

इमारतीतील उभ्या नळ्या : मुंबईच्या बोलीत ज्यांना डाऊनटेक पाइप म्हणतात, त्या नळ्यांतही असेच कड्याच्या आकाराचे पतन होते, मात्र येथे फिरकीची गरज पडत नाही. मजल्यावरील आडव्या नळीतून आलेले पाणी समोरच्या भिंतीवर आदळते, पसरते व एका मजल्याच्या उंचीत सेकंदाला ३ ते ४ मी. इतका अंतिम वेग गाठते. वीस मजली इमारतीच्या गच्चीजवळून सोडलेले पाणी तळाशी गोळीसारखे आदळेल व नळी फोडील ही समजूत म्हणूनच खरी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत विली व ईटन यांनी या विषयावर केलेले प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. उभ्या नळीचा छेद पाण्याने साधारणपणे पाव ते सात-चोविसांश एवढाच भरू द्यावा, हा नियम अशा प्रयोगांवरून रूढ झाला. नळीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग मोकळा ठेवणे ही उधळपट्टी वाटेल. पण तो भाग मोकळा नसतो, त्यातून हवा वाहत असते. भिंतीवरून उतरणारे पाणी गाभ्यातील हवेला घासून खाली खेचते आणि या हवेचे घनफळ पाण्याच्या घनफळाच्या कित्येक पट असू शकते.

ही हवा कोठून तरी आली पाहिजे. नळीचे वरचे टोक गच्चीवर उघडे असेल, तर ती तेथून येते. ते बंद असेल, जाळीत पक्ष्याने घरटे केले असेल किंवा नळी अरुंद असेल, तर नळीत वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाब निर्माण होतो व ती हवा घरांतून खेचू लागते. घर व नळी यांच्यामध्ये असतो तो केवळ जलबंध, म्हणजे वाकड्या नळीत साचून राहिलेले सु. ५० मिमी. उंचीचे पाणी. न्हाणीघराच्या कोपऱ्यातील जो ट्रॅप देशभरचे नळकारागीर ‘नहाणी ट्रॅप’ या मराठी नावाने ओळखतात, त्यात हेच पाणी असते. ५० मिमी. पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाचा अवघा दोनशेवा हिस्सा आहे. एवढ्याशा फरकाने जलबंध खेचला जातो, गुडगुड असा आवाज येतो व त्यानंतर गटारातील हवा सरळ खोलीत येऊ लागते. नळीच्या पायथ्याशी याच्या नेमके उलट घडते. तेथे पाणी एकदम आडवे वळते, त्याचा वेग घटतो, उसळी (जलोच्छाल) निर्माण होऊन नळी क्षणभर भरून जाते आणि वरून येणारी हवा कोंडली जाऊन दाब वाढतो. तळमजल्यावरच्या ट्रॅपमधून फेस वर येतो तो यामुळे. तळमजल्याच्या जोडण्या उभ्या नळीला न देता स्वतंत्रपणे बाहेरच्या चेंबरमध्ये नेण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने अगदी योग्य होय.

राहाता तालुक्यातील शिर्डी येथे यात्रेकरूंच्या निवासासाठी बहुमजली इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या आहेत. अशा निवासांत या रचनेच्या दोन्ही कमकुवत बाजू उघड होतात. पहाटे काकड आरतीच्या सुमारास शेकडो खोल्यांतील न्हाणीघरे एकाच वेळी वापरली जातात. नळ्यांचा व्यास ठरविताना सर्व साधने एकदम चालू नसतात असे जे गृहीत धरतात, ते येथे लागू पडत नाही. उलटपक्षी, उन्हाळ्यातील कोरड्या हवेत बंद राहिलेल्या खोल्यांचे जलबंध काही आठवड्यांत सुकून जातात. खोली उघडताच येणारा वास हा पुष्कळदा अस्वच्छतेचा नसून सुकलेल्या जलबंधाचा असतो व तांब्याभर पाणी ओतल्याने तो जातो.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही. २००३ साली सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगमधील आमॉय गार्डन्स या तेहेतीस मजली इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली व त्यांपैकी ४२ जण मरण पावले. चौकशीत असे आढळले की, न्हाणीघरांच्या जमिनीवरील ट्रॅप सुकलेले होते आणि हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यांमुळे उभ्या नळीतील विषाणुयुक्त तुषार खोल्यांत ओढले गेले असावेत. एकाच उभ्या नळीवरील खोल्यांमध्ये रोग पसरला होता ही गोष्ट लक्षणीय आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (पहिली आवृत्ती १९७०, सुधारित २०१६) वायुनलिकांचे नियम आहेत, परंतु बांधकामाच्या खर्चात कपात करताना प्रथम कात्री लागते ती बहुधा या नलिकेलाच, कारण तिच्यातून काहीच वाहताना दिसत नाही.

खोल कूपकांतील हवा : मोठ्या कूपकात हवेचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिल्यात ती पाण्याच्या ओढीने खाली येते; दुसऱ्यात तळाच्या डोहात बुडबुड्यांच्या रूपाने मिसळून बोगद्याकडे जाऊ लागते. ती बोगद्यात गेल्यास छताशी साचते, पाण्याला मिळणारा छेद कमी करते व बोगद्याची वहनक्षमता घटविते. म्हणून कूपकाच्या पायथ्याशी वायुहरण कोष्ठ बांधतात. हा कोष्ठ म्हणजे रुंद व लांब दालन असून त्यात प्रवाह संथ होतो व बुडबुडे वर येऊन फुटतात. काही मिमी. व्यासाचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सु. २५ सेंमी. वेगाने चढतो. कोष्ठात पाण्याची खोली ३ मी. व पुढे जाण्याचा वेग सेकंदाला १ मी. असेल, तर तळाशी असलेल्या बुडबुड्याला वर येण्यास १२ सेकंद लागतील व तेवढ्या वेळात तो १२ मी. पुढे गेलेला असेल. म्हणून कोष्ठाची लांबी निदान तेवढी हवी. सुटी झालेली हवा वर नेण्यासाठी वेगळी वायुनलिका लागते. ती कूपकाच्या माथ्याशी जोडल्यास तीच हवा पुनःपुन्हा फिरत राहते व दुर्गंधी रस्त्यावर येत नाही.

बोगदा पूर्ण भरू लागला म्हणजे हवेचे वर्तन अधिक उग्र होते. अतिवृष्टीत दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती पुढे सरकतात व त्यांच्यामध्ये हवेचे मोठे कप्पे कोंडले जातात. असा कप्पा एखाद्या पाण्याने भरलेल्या कूपकाखाली आला की तो एकसंध बुडबुड्याच्या रूपाने वर चढतो. २ मी. व्यासाच्या कूपकात त्याचा वेग सेकंदाला सु. दीड मीटर असतो. वर जाताना दाब कमी होत असल्याने तो फुगतो व डोक्यावरील पाणी तोफेतून सुटल्यासारखे बाहेर फेकतो. अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरात महामार्गाखालील पर्जन्यजल बोगद्याच्या कूपकातून अशी कारंजी रस्त्याच्या वर उंच उडालेली नोंदविली गेली आहेत. मॅनहोलचे जड झाकण उडणे हा याच घटनेचा सौम्य प्रकार होय. पाण्याच्या दाबाने झाकण उडाले असे वृत्तपत्रांत छापून येते, पण पुष्कळदा ते कोंडलेल्या हवेने उडविलेले असते.

अशा कूपकांची सर्वांत मोठी मालिका शिकागो येथे आहे. तेथील खोल बोगद्यांचे काम १९७५ मध्ये सुरू झाले व सु. १७५ किमी. लांबीचे बोगदे २००६ मध्ये पूर्ण झाले. टोकिओच्या उत्तरेस २००६ मध्येच पूर्ण झालेल्या पूरनियंत्रण बोगद्याची लांबी ६·३ किमी. असून त्याला सु. ७० मी. खोल असे पाच प्रचंड कूपक जोडले आहेत. लंडनमध्ये टेम्स नदीच्या कडेने खोदलेला २५ किमी. लांब व ७·२ मी. व्यासाचा बोगदा २०२५ मध्ये जुन्या गटारांना पूर्णपणे जोडला गेला. त्यात भोवराकूपकांचा उपयोग केलेला आहे.

मुंबई : महाराष्ट्रात खोल कूपकांचा उपयोग प्रामुख्याने मुंबईत झाला. वरळी व वांद्रे येथील वाहितमल समुद्रात दूरवर सोडण्यासाठी समुद्रतळाखालील खडकातून ३·५ मी. व्यासाचे बोगदे खोदण्यात आले. वरळीचा बोगदा सु. ३·४ किमी. लांब असून तो १९९९ मध्ये, तर वांद्र्याचा सु. ३·७ किमी. लांबीचा बोगदा २००३ मध्ये कार्यान्वित झाला. किनाऱ्यावरील उभ्या कूपकातून वाहितमल बोगद्यात उतरते व दूरच्या टोकाशी उभ्या नळ्यांतून वर चढून समुद्राच्या पाण्यात मिसळते. अशा रचनेत हवा बोगद्यात जाऊ न देणे विशेष महत्त्वाचे असते, कारण समुद्राखाली कोंडलेली हवा काढण्यासाठी मध्ये कोठेही कूपक खोदता येत नाही. कूपकातील पाण्याची पातळी भरती-ओहोटीप्रमाणे बदलते ही आणखी एक अडचण. पातळी खाली गेली की पतनाची उंची वाढते व हवा अधिक मिसळते.

पर्जन्यजलाच्या बाबतीत मुंबईची स्थिती निराळी आहे. शहराची जुनी पर्जन्यगटारे ताशी २५ मिमी. पाऊस ओहोटीच्या वेळी वाहून नेतील अशा बेताने आखलेली होती. १९९३ च्या अहवालात ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा या शिफारशींचे महत्त्व सर्वांना पटले व समुद्राजवळ मोठी उदंचन केंद्रे बांधण्याच्या कामास वेग आला. मात्र तुंबलेल्या रस्त्यावरील पाणी लवकर ओसरावे म्हणून मॅनहोलचे झाकण काढण्याची लोकरीत कायम राहिली. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत प्रभादेवी भागात अशा उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. मृतदेह दोन दिवसांनी वरळीला किनाऱ्याजवळ सापडला. रस्त्यावर गुडघाभर, म्हणजे सु. ४५ सेंमी. पाणी असेल व खालचे गटार वाहते असेल, तर ६० सेंमी. व्यासाच्या विवरातून सेकंदाला सु. ५०० लिटर पाणी आत जाऊ शकते. विवराच्या तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला सु. ३ मी. होतो आणि त्या ओढीत पाय सापडलेला माणूस स्वतःला सावरू शकत नाही. गढूळ पाण्याच्या पृष्ठभागावर याची खूण म्हणून एखादा लहानसा भोवरा दिसतो किंवा तोही दिसत नाही. या घटनेनंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसविण्यास सुरुवात झाली.

विषारी वायू : प्राणवायूविरहित वाहितमलात सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होऊन विरघळलेल्या स्थितीत राहतो. संथ गटारात तो फारसा बाहेर पडत नाही. परंतु पाताशी पाणी फेसाळताच बाटली हलविल्यावर सोडावॉटरमधून वायू सुटावा तसा तो सुटतो. ओलसर भिंतीवर दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजंतू त्याचे सल्फ्यूरिक अम्लात रूपांतर करतात व काँक्रीट पिठासारखे ठिसूळ होते. म्हणूनच पाताच्या मॅनहोलचा वरचा भाग इतरांपेक्षा लवकर खराब होतो. माणसाच्या दृष्टीने हा वायू कपटी आहे. अल्प प्रमाणात तो सडक्या अंड्यांसारखा घाण वास देतो, पण हवेच्या दहा लाख भागांत सु. १०० भाग झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते व वास गेला असे वाटते. याच्या काही पट प्रमाणात माणूस मिनिटांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी उतरलेला सहकारीही तेथेच कोसळतो. एका चेंबरमध्ये दोघा-तिघांचे बळी जातात ते असे. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असल्याने तळाशी रेंगाळतो आणि नुसते झाकण उघडून ठेवल्याने खोल कूपकातील हवा बदलत नाही. त्यासाठी पंख्याने ताजी हवा तळापर्यंत पोहोचवावी लागते व वायुमापकाने तपासणी करावी लागते. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही असे मृत्यू राज्यात आणि देशात घडतच आहेत व त्यांत बळी जाणारे बहुतेक जण ठराविक जातींतीलच असतात, हे सामाजिक वास्तव अभियांत्रिकीच्या पुस्तकांत क्वचितच नमूद केलेले आढळते.

नमुन्यांवरील अभ्यास : कूपकातील प्रवाह गणिताने पूर्णपणे सोडविता येत नसल्याने लहान प्रमाणावरील नमुने तयार करून प्रयोग करतात. पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्राची (स्थापना १९१६) ख्याती अशाच जलीय नमुन्यांसाठी आहे. नमुन्याची भिंत पारदर्शक ॲक्रिलिकची केल्यास भोवरा व वायुगाभा डोळ्यांनी पाहता येतो. मात्र हवेच्या बाबतीत नमुना फसवा ठरण्याचा संभव असतो. १ : १६ प्रमाणाच्या नमुन्यात पाण्याचा वेग प्रत्यक्षाच्या एक-चतुर्थांश असतो, परंतु बुडबुडे लहान होत नाहीत किंवा हळूही चढत नाहीत. त्यांचा आकार पाण्याचा पृष्ठताण ठरवितो व तो दोन्हीकडे सारखाच असतो. परिणामी नमुन्यात बुडबुडे तुलनेने चौपट वेगाने वर येतात व वायुहरण कोष्ठ उत्तम काम करीत असल्याचे दिसते. तोच कोष्ठ प्रत्यक्षात आखूड पडतो. शिवाय नमुन्यात पाणी मुळातच कमी हवा ओढते. या दोन्ही कारणांनी नमुने शक्य तितके मोठे करतात, हवेच्या मोजलेल्या आकड्यांना वाढीव गुणक लावतात आणि बांधून झालेल्या कूपकांत दाबमापके व वायुवेगमापके कायमची बसवून पहिल्या काही पावसाळ्यांतील नोंदींशी ते आकडे ताडून पाहतात.